तिसऱ्या क्रमांकाचा संघ विजेता कसा झाला? विनिपेग ब्लू बॉम्बर्सचा २०१९चा मोसम

प्रश्न असा आहे: कॅनडियन फुटबॉल लीगच्या २०१९च्या मोसमात विनिपेग ब्लू बॉम्बर्सने १८ सामन्यांत ११ जिंकले, ७ हरले आणि पश्चिम विभागात तिसरा क्रमांक मिळवला. हॅमिल्टन टायगर-कॅट्सने १५ जिंकले आणि फक्त ३ गमावले. तरी ग्रे कप, म्हणजे लीगचा अंतिम सामना, विनिपेगने ३३-१२ असा एकतर्फी जिंकला. हे नशीब म्हणायचं का? आणि असा मोसम वाचायचा असेल, तर गुणतक्त्याच्या पलीकडे काय पाहायचं?

नशीब नव्हे. ११-७ हा आकडा एका संघाचा नाहीच. तो तीन वेगवेगळ्या क्वार्टरबॅकच्या (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) हाताखाली खेळलेल्या संघांची बेरीज आहे. मॅट निकल्सने सुरुवात केलेल्या ९ सामन्यांत ७ विजय, २ पराभव. क्रिस स्ट्रेव्हलरच्या ८ सामन्यांत ३ विजय, ५ पराभव. झॅक कोलारोसचा शेवटचा एक सामना, तो जिंकलेला. नोव्हेंबरातल्या प्ले-ऑफमध्ये (बाद फेरीत) मैदानात उतरला तो कोलारोसचा संघ. तक्त्यात मात्र त्याच्या नावावर अठरापैकी एकच सामना होता. हे तुकडे सुटे केले की बाकीचं आपोआप उलगडायला लागतं.

आधी लीगची बांधणी थोडक्यात. नऊ संघ आहेत, पश्चिमेत पाच आणि पूर्वेत चार. प्रत्येकाचे १८ सामने २१ आठवड्यांत होतात, म्हणजे तीन आठवडे सुट्टीचे. विजयाला २ गुण, बरोबरीला १. विभागातला पहिला संघ थेट विभागीय अंतिम सामन्यात जातो, तोही घरच्या मैदानावर. दुसरा संघ तिसऱ्याला आपल्या घरी बोलावून उपांत्य सामना खेळतो. एका विभागातल्या चौथ्या संघाचे गुण दुसऱ्या विभागातल्या तिसऱ्यापेक्षा जास्त असतील, तर तो सीमा ओलांडून त्या विभागाच्या प्ले-ऑफमध्ये शिरतो. नवखे प्रेक्षक इथे हमखास चुकतात. २०१९मध्ये पश्चिमेतला चौथा एडमंटन ८-१० असूनही पूर्वेत गेला, कारण तिथला तिसरा टोरांटो ४-१४वर होता. एडमंटनने माँट्रियलला ३७-२९ असं हरवलंसुद्धा. तेव्हा पश्चिमेतला चौथा क्रमांक म्हणजे मोसम संपला असं समजू नये. शेजारच्या विभागाचा तक्ताही उघडून पाहावा.

आता क्वार्टरबॅक गेला की या खेळात इतकी पडझड का होते, ते पाहू. अमेरिकन फुटबॉल पाहणाऱ्यांना वाटतं, दोन्ही खेळ सारखेच, मैदान तेवढं मोठं. पण २०१९च्या नियमांत मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद, दोन्ही टोकांना साधारण २० यार्डांचे एंड झोन (गुण मिळवायचे पट्टे), एका बाजूला १२ खेळाडू, आणि १० यार्ड काढायला चारऐवजी तीनच डाउन, म्हणजे प्रयत्न. तिसऱ्या डाउनला बहुतेक वेळा चेंडू लाथेने लांब मारून द्यावा लागतो, म्हणजे हातात खरे प्रयत्न दोनच. पहिल्या डाउनचा पास खाली पडला, की लगेच दुसरा डाउन आणि १० यार्ड बाकी. तिथेही चुकलात तर चेंडू गेला. म्हणून सगळी आक्रमणं पहिल्या डाउनला पाच-सहा यार्ड पदरात पाडून घेण्यावर उभी असतात. ‘दुसरा डाउन, चार यार्ड’ आणि ‘दुसरा डाउन, दहा यार्ड’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या स्थितीत धावही चालते आणि पासही, त्यामुळे बचावाला अंदाज बांधता येत नाही. दुसऱ्या स्थितीत पासच येणार हे सगळ्या स्टेडियमला ठाऊक असतं. अशा वेळी अचूक फेकणारा क्वार्टरबॅक नसेल, तर संघ दोन खेळ्यांत मैदानाबाहेर बसतो, बचावफळी पुन्हा पुन्हा मैदानात येते आणि चौथ्या क्वार्टरपर्यंत तिचे पाय जड होतात.

याउलट एक यार्ड उरला असेल, तर हा खेळ आक्रमणाला झुकतं माप देतो. बचावाला चेंडूच्या रेषेपासून एक यार्ड मागे उभं राहावं लागतं. त्यामुळे तिसरा डाउन आणि एक यार्ड अशा वेळी लाथ न मारता क्वार्टरबॅकने मधून मुसंडी मारणं हा रोजचा डाव आहे. त्यासाठी बहुतेक संघ अंगापिंडाने दणकट असा दुसरा क्वार्टरबॅक पाठवतात. विनिपेगकडे हे काम स्ट्रेव्हलरचं होतं. तो धावण्यात अतिशय ताकदवान होता, मध्ये घुसायला तर त्याच्यासारखा दुसरा मिळणं कठीण. पण अशा खेळाडूवर अख्ख्या आक्रमणाचा भार पडला, की पासवर बेतलेलं अर्धं आक्रमण आखडतं. ऑगस्टनंतर नेमकं तेच झालं.

मोसमाची सुरुवात मात्र झोकात होती. पहिले पाचही सामने जिंकले. पाचव्यात ऑटावाला ३१-१ असं हरवलं. तो एक गुण म्हणजे रूझ: लाथ मारलेला चेंडू एंड झोनमध्ये गेला आणि बचाव करणाऱ्या संघाला तो बाहेर आणता आला नाही, तर मारणाऱ्याला एक गुण. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं, पण एका गुणाने सुटणारे सामने या लीगमध्ये इतके होतात की त्या एका गुणाला फार मोल आहे.

२६ जुलैला हॅमिल्टनमध्ये पहिला पराभव झाला, २३-१५. त्याच सामन्यात हॅमिल्टनचा क्वार्टरबॅक जेरेमाया मसोली गुडघ्याच्या दुखापतीने मोसमभरासाठी बाहेर गेला आणि डेन इव्हान्सच्या हाती संघ आला. १ ऑगस्टला टोरांटोत विनिपेग २०-० असं पुढे होतं, तरीही २८-२७ हरलं. तोवर एकही सामना न जिंकलेल्या टोरांटोचा तो पहिला विजय. अशा आघाड्या का निसटतात, हे घड्याळाच्या नियमांत दडलेलं आहे. प्रत्येक हाफच्या शेवटच्या तीन मिनिटांत प्रत्येक खेळीनंतर घड्याळ थांबतं. २०१९च्या नियमांत पंचाच्या शिट्टीपासून २० सेकंदांत पुढची खेळी करावीच लागायची. वर हातात दोनच खरे डाउन. पुढे असलेल्या संघाने चेंडू नुसता कवटाळून वेळ काढायचा म्हटलं तरी तो फार निघत नाही. दोन खेळ्या, एक पंट (चेंडू लाथेने लांब मारणं), की प्रतिस्पर्धी पुन्हा मैदानात. म्हणून दहा-बारा गुणांच्या आघाडीवर शेवटच्या पाच मिनिटांत टीव्ही बंद करू नये.

त्यानंतर कॅलगरीवर २६-२४ असा विजय मिळाला. १५ ऑगस्टला बी.सी. लायन्सलाही ३२-१६ असं हरवलं, पण त्याच सामन्यात निकल्सचा खांदा दुखावला आणि त्याचा मोसम तिथेच संपला. संघ तेव्हा ७-२. पुढे स्ट्रेव्हलर. पहिल्या तीन सामन्यांत फारसं काही बिघडलेलं दिसलं नाही: एडमंटनवर ३४-२८ असा विजय, लेबर डेच्या (कामगार दिनाच्या) पारंपरिक सामन्यात सस्कॅचेवानकडून त्यांच्या घरी, रेजायनात, १७-१९ असा निसटता पराभव, आणि सहा दिवसांनी घरी बॅंजो बोल नावाच्या परतीच्या सामन्यात त्याच सस्कॅचेवानवर ३५-१० असा विजय. संघ ९-३. मग उतरण लागली. माँट्रियलमध्ये ३७-३८, हॅमिल्टनमध्ये १३-३३, रेजायनात पुन्हा सस्कॅचेवानकडून ६-२१. सलग तीन पराभव.

या घसरणीत आकड्यांपेक्षा क्रम बोलका आहे. नव्या क्वार्टरबॅकविरुद्ध प्रतिस्पर्ध्यांकडे सुरुवातीला चित्रफीत नसते. तीन-चार सामन्यांचं चित्रण हाती आलं की बचाव प्रशिक्षक त्याच्या आवडीच्या खेळ्या ओळखतात. धावणारा क्वार्टरबॅक असेल तर बचावाचे कडेचे खेळाडू त्याच्या वाटा अडवून बसतात आणि ‘फेकून दाखव’ म्हणतात. स्ट्रेव्हलरच्या संघाने माँट्रियलविरुद्ध ३७ गुण केले होते. पुढच्या दोन सामन्यांत मिळून १९. हा थकवाही नव्हता आणि आत्मविश्वासाचा प्रश्नही नव्हता. मागे पडल्यावर पासने भरपाई करायची सोय या आक्रमणात उरली नव्हती, एवढंच.

आणि तरीही हा संघ मोडला नाही, याचं पहिलं कारण अँड्र्यू हॅरिस. त्याने २०१९मध्ये १,३८० यार्ड धावून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, सलग तिसऱ्या मोसमात. पण त्याची खरी किंमत समजायला या लीगचा एक नियम नीट कळायला हवा, कारण आकडेवारीच्या कुठल्याही तक्त्यात तो दिसत नाही.

नियम असा: २०१९मध्ये सुरुवातीला मैदानात उतरणाऱ्या आक्रमण-बचावाच्या खेळाडूंपैकी किमान सात कॅनडियन असावे लागत. कॅनडियन विद्यापीठांतून दर्जेदार खेळाडू मर्यादित संख्येने येतात. अमेरिकेतून मात्र वाटेल तेवढे मिळतात. साहजिकच प्रत्येक संघ ते सात जण अशा जागी बसवतो, जिथे कॅनडियन आणि अमेरिकन खेळाडूंत कमीत कमी तफावत पडेल. आक्रमणाच्या ओळीतल्या मधल्या तीन जागा, एखादा रिसीव्हर (पास झेलणारा), सेफ्टी (बचावात सर्वांत मागे उभा राहणारा), बचावाच्या ओळीत आतला एखादा, असा ठरलेला साचा असतो. रनिंग बॅकची, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याची, जागा जवळजवळ सगळीकडे अमेरिकन खेळाडूला जाते. हॅरिस विनिपेगचा, म्हणजे कॅनडियन, आणि तरी लीगमधला पहिल्या क्रमांकाचा धावपटू. याचा अर्थ विनिपेगचा सातातला एक जण अशा जागी बसला, जिथे इतरांना बसवताच येत नव्हता. त्यामुळे दुसरीकडे एक जागा अमेरिकन खेळाडूसाठी मोकळी झाली. जोडीला निक डेम्स्की आणि ड्रू वोलिटार्स्की हे कॅनडियन रिसीव्हर, ओळीत पॅट नॉइफेल्ड आणि ड्रू देजार्ले. आक्रमणातच जवळपास सगळा कोटा पुरा होत असल्याने बचावात सर्वोत्तम अमेरिकन खेळाडू भरता आले. विली जेफरसनच्या बचावफळीची धार तिथून आली. त्या मोसमात लीगचा सर्वोत्कृष्ट बचाव खेळाडू जेफरसनच ठरला.

हा हिशेब उलटही फिरतो. एखाद्या सामन्याआधी कॅनडियन सेफ्टी जखमी झाला आणि त्याच्या जागी खेळू शकेल असा कॅनडियन बाकावर नसेल, तर अमेरिकन खेळाडू तिथे आणून दुसऱ्याच कुठल्या तरी जागेवर कमी अनुभवी कॅनडियन उतरवावा लागतो. एका दुखापतीने दोन जागा कमजोर होतात. ‘जखमी तर सेफ्टी झाला, मग आक्रमणाच्या ओळीतला डावा गार्ड का बदलला?’ असं वाटलं, तर उत्तर बहुधा हेच.

ऑगस्टच्या शेवटी हॅरिसवर बंदी असलेल्या द्रव्याच्या चाचणीवरून दोन सामन्यांची बंदी आली. दूषित पूरक आहारातून ते शरीरात गेलं, असं त्याचं म्हणणं होतं. तो मुकलेले दोन सामने म्हणजे लेबर डेचा आणि बॅंजो बोल. त्याच्या जागी जॉनी ऑगस्टीन खेळला, आणि तोही कॅनडियन, म्हणून सातांचा हिशेब जसाच्या तसा राहिला. संघ एक सामना दोन गुणांनी हरला, दुसरा पंचवीस गुणांनी जिंकला. व्यवस्थापक काइल वॉल्टर्स यांच्या संघबांधणीचं मला वाटणारं सर्वांत मोठं कौतुक हेच आहे: ज्या जागी कॅनडियन खेळाडूवर सगळं अवलंबून होतं, तिथे दुसरा कॅनडियन तयार ठेवलेला होता.

दुखापतींच्या याद्यांबद्दल दोन शब्द, कारण बातम्यांत त्या येतात आणि अर्थ लागत नाही. एक यादी एका सामन्याची, दुसरी सहा सामन्यांची. एका सामन्याच्या यादीतल्या खेळाडूचा पगार वेतनमर्यादेत धरला जातो. सहा सामन्यांच्या यादीतला धरला जात नाही, पण त्याला मुदतीआधी परत आणलं तर सवलत जाते. २०१९मध्ये ही मर्यादा संपूर्ण संघासाठी ५२.५ लाख कॅनडियन डॉलर होती, आणि त्यातला मोठा वाटा क्वार्टरबॅक घेऊन जातो. म्हणून मुख्य क्वार्टरबॅक सहा सामन्यांच्या यादीत गेला की दोन गोष्टी एकदम घडतात: संघ लंगडा होतो आणि खिशात जागा होते. त्या जागेचं काय केलं, यावर व्यवस्थापकाची पारख करावी.

विनिपेगने ९ ऑक्टोबरला, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) निवडी मोजून टोरांटोकडून कोलारोसला घेतलं. तेव्हा हा सौदा अनेकांना धाडसाचा वाटला, आणि त्याला कारण होतं. कोलारोसने मोसम सस्कॅचेवानमधून सुरू केला होता. १३ जूनला, मोसमाच्या पहिल्याच सामन्यात, हॅमिल्टनच्या बचावफळीतल्या लाइनबॅकरने त्याच्या डोक्याला जबर धडक दिली. त्या खेळाडूवर दोन सामन्यांची बंदी आली. कोलारोस बाहेर गेला आणि सस्कॅचेवानमध्ये कोडी फहार्डो पुढे आला, इतका चांगला की कोलारोसची गरजच उरली नाही. ३१ जुलैला त्याला टोरांटोला देण्यात आलं, तिथे तो एकही सामना खेळला नाही. पहिल्या आठवड्यातल्या त्या एका धडकेने पश्चिमेतल्या दोन संघांचे क्वार्टरबॅक ठरले. पुढे कोलारोसने नोव्हेंबरात आधी सस्कॅचेवानला आणि मग हॅमिल्टनला हरवलं.

नवा क्वार्टरबॅक ऑक्टोबरात आणून लगेच उतरवता का येत नाही? या खेळात रिसीव्हर चेंडू सुटायच्या आधीच रेषेकडे धावत येऊ शकतात, आणि एकाच वेळी अनेक जण. चेंडू सुटतो त्या क्षणी ते पूर्ण वेगात असतात. हा फायदा प्रचंड आहे, पण क्वार्टरबॅकने चेंडू कधी मागायचा हे त्यांच्या पावलांशी जुळलं पाहिजे. अर्ध्या सेकंदाची चूक झाली तर एक तर रिसीव्हर रेषेपुढे जाऊन दंड, नाही तर रेषेवर थांबून वेग गेला. त्यात २० सेकंदांत कानातली सूचना ऐकायची, गोलात सांगायची, रचना लावायची. नवीन माणसाला शे-दीडशे खेळ्यांची वही देऊन भागत नाही. निवडक खेळ्या, त्यांतही त्याला आधीपासून ठाऊक असलेल्या प्रकारच्या, एवढीच शिदोरी देऊन सुरुवात करावी लागते.

१२ ऑक्टोबरला माँट्रियलवर ३५-२४ असा विजय आणि १९ ऑक्टोबरला कॅलगरीत ३३-३७ असा पराभव, हे दोन्ही सामने स्ट्रेव्हलरनेच सुरू केले. दुसऱ्यात त्याचा पाय दुखावला. २५ ऑक्टोबरला घरच्या मैदानावर कॅलगरीविरुद्ध कोलारोस उतरला तेव्हा त्याला येऊन १६ दिवस झाले होते. विनिपेगने जस्टिन मेडलॉकच्या फील्ड गोलवर (लाथेने गोलपोस्टमधून मारलेल्या चेंडूवर) तो सामना २९-२८ असा जिंकला. पुढचा आठवडा विनिपेगला सुट्टीचा होता, त्यामुळे उपांत्य सामन्याआधी आणखी १६ दिवस मिळाले. मोसमाच्या अखेरीस येणारी सुट्टी सहसा शापासारखी मानतात, लय तुटते म्हणून. नवा क्वार्टरबॅक बसवणाऱ्या संघाला मात्र ती वरदानच ठरली.

एक बारकावा इथे सुटतो. त्या विजयानंतर विनिपेग ११-७ आणि कॅलगरी ११-६, एक सामना बाकी. कॅलगरी तो हरला असता तर दोघे सारख्या गुणांवर आले असते. बरोबरी सुटते ती आपसातल्या सामन्यांवरून, आणि ते विनिपेगने २६-२४, ३३-३७, २९-२८ असे तीनपैकी दोन जिंकले होते. म्हणजे उपांत्य सामना विनिपेगमध्ये झाला असता. कॅलगरी शेवटचा सामना जिंकला आणि १२-६वर दुसरा राहिला. पण सप्टेंबरपासून हा आपसातला हिशेब मांडणाऱ्याला तेव्हाच कळलं असतं, की ज्याला आपण वरचढ समजतोय तो संघ विनिपेगला जड जात नाही.

सातही पराभव ओळीने मांडा: ८, १, २, १, २०, १५ आणि ४ गुणांनी. चार पराभव चार किंवा त्याहून कमी गुणांचे. दणदणीत म्हणावेत असे दोनच, दोन्ही स्ट्रेव्हलरच्या काळातले, दोन्ही परक्या मैदानावर. चांगल्या क्वार्टरबॅकसह हा संघ एकाही सामन्यात आठपेक्षा जास्त गुणांनी हरला नव्हता. विजयांच्या संख्येपेक्षा मी या रांगेवर जास्त भरवसा ठेवतो.

प्ले-ऑफ. १० नोव्हेंबरला कॅलगरीच्या मॅकमहॉन स्टेडियमवर ३५-१४. १७ नोव्हेंबरला रेजायनाला मोझेक स्टेडियमवर २०-१३. सस्कॅचेवान १३-५ करून पश्चिमेत पहिलं आलं होतं, पण फहार्डो पोटाच्या बाजूचा स्नायू फाटलेल्या स्थितीत खेळत होता. शेवटच्या खेळीला त्याने एंड झोनकडे फेकलेला चेंडू गोलपोस्टच्या आडव्या दांड्यावर आदळला आणि सामना संपला. कॅनडियन मैदानात गोलपोस्ट एंड झोनच्या मागे नसतात, थेट गोलरेषेवर उभे असतात. जवळून फेकताना तो दांडा क्वार्टरबॅक आणि रिसीव्हरच्या मध्ये येतो. त्याला आदळलेला पास मेला. प्रत्येक क्वार्टरबॅकला ही जागा डोक्यात ठेवूनच खेळ्या निवडाव्या लागतात.

२४ नोव्हेंबरला पुन्हा मॅकमहॉन स्टेडियम, समोर हॅमिल्टन. याच हॅमिल्टनने विनिपेगला दोनदा हरवलं होतं, आणि बहुतेकांचं गणित तिथेच चुकलं. पहिल्या सामन्यात निकल्स होता, दुसऱ्यात स्ट्रेव्हलर; कोलारोसचा संघ हॅमिल्टनने पाहिलाच नव्हता. कोलारोसने २३पैकी १७ पास पूर्ण करत १७० यार्ड काढले. आकडा डोळे दिपवणारा मुळीच नाही, आणि ताकद नेमकी त्यातच होती. त्याला एकट्याने सामना जिंकून द्यायचा नव्हता. दुसऱ्या डाउनला चेंडू हातचा जाऊ द्यायचा नव्हता. पॉल लापोलीस यांनी आक्रमणाची मांडणीच तशी केली: पहिल्या डाउनला हॅरिस, दुसऱ्याला कोलारोसचा छोटा अचूक पास, आणि मध्येच दुखऱ्या पायाने का होईना स्ट्रेव्हलर. दोन क्वार्टरबॅक आळीपाळीने आले की बचावाला दोन वेगळ्या संघांची तयारी करावी लागते. हॅरिस १८ वेळा धावला, १३४ यार्ड, एक टचडाउन (चेंडू घेऊन एंड झोन गाठणं). शिवाय पासवर आणखी एक. सामन्याचा मानकरी आणि सामन्यातला सर्वोत्तम कॅनडियन हे दोन्ही मान त्याला मिळाले. ग्रे कपच्या इतिहासात असं आधी कधीच घडलं नव्हतं.

दुसऱ्या बाजूने रिची हॉल यांच्या बचावफळीने इव्हान्सला उसंत मिळू दिली नाही. जेफरसनने एकट्याने त्याला तीनदा पाडलं आणि दोनदा चेंडू हातातून सोडवला. तीन डाउनच्या खेळात क्वार्टरबॅकला एकदा मागे पाडलं की ती आक्रमणाची फेरी जवळजवळ संपते, कारण सावरायला तिसरा प्रयत्न उरत नाही. विनिपेगने १९९०नंतर पहिल्यांदा ग्रे कप घरी नेला, तोही तिन्ही सामने परक्या शहरांत जिंकून.

आता स्वतः मोसम वाचायचा तर एक साधी वही पुरते. प्रत्येक सामन्याला एक ओळ. तारीख, प्रतिस्पर्धी, घरचं की बाहेरचं मैदान, आणि मागच्या सामन्यानंतर किती दिवस मिळाले: सहा किंवा त्याहून कमी असतील तर खूण करा. मग सुरुवात करणाऱ्या क्वार्टरबॅकचं नाव. हे बदललं की वहीत आडवी रेघ मारा आणि बेरीज नव्याने सुरू करा. सामन्याआधी जाहीर होणाऱ्या संघरचनेत कॅनडियन खेळाडू कुठल्या जागांवर आहेत ते मोजा आणि मागच्या आठवड्यापेक्षा जागा बदलल्या असतील तर लिहा. सामना पाहताना तीनच गोष्टी टिपा: पहिल्या डाउनला पाच किंवा जास्त यार्ड किती वेळा मिळाले, दुसरा डाउन कितीपैकी किती वेळा साधला, आणि चेंडू किती वेळा गमावला-मिळवला. एकूण यार्ड लिहू नका, ते फसवतात. मागे पडलेला संघ शेवटी भरमसाट पास फेकतो आणि आकडा फुगतो. त्याऐवजी प्रत्येक फेरी कुठून सुरू झाली ते पाहा. इथे लाथ मारलेला चेंडू झेलणाऱ्याला प्रतिस्पर्ध्यांनी पाच यार्डांची मोकळीक द्यावी लागते आणि त्याला चेंडू परत न्यावाच लागतो, त्यामुळे किकर आणि परत धावणारा यांच्या जोरावर मैदानाचे वीस-तीस यार्ड सहज इकडचे तिकडे होतात. शेवटी फरक: किती गुणांनी जिंकले-हरले. आपसातले सामने वेगळ्या पानावर लिहा. नोव्हेंबर जवळ आला की तेच पान आधी उघडावं लागतं.

या वहीत पुढचे मोसमही नीट बसतात. २०२०चा मोसम कोविडमुळे झालाच नाही. २०२१मध्ये सामने १४ होते. विनिपेग ११-३, आणि ग्रे कप हॅमिल्टनमध्ये जादा वेळेत ३३-२५. २०२२मध्ये १५-३, म्हणजे २०१९च्या हॅमिल्टनइतकंच, आणि शेवट टोरांटोकडून २३-२४ असा एका गुणाचा पराभव. २०२३मध्ये माँट्रियलकडून २४-२८. कोलारोस आणि प्रशिक्षक माइक ओशे या तिन्ही अंतिम सामन्यांत होते.

एक सूचना मात्र आजच लिहून ठेवा. लीगने सप्टेंबर २०२५मध्ये नियमांचे मोठे बदल जाहीर केले आहेत. २०२६पासून पंचाच्या शिट्टीनंतरचे २० सेकंद जाऊन मागची खेळी संपताच सुरू होणारं ३५ सेकंदांचं घड्याळ, आणि चेंडू नुसता एंड झोन पार करून गेला तर रूझ मिळणार नाही. झेलणारा आतच अडकला तर मिळेल. २०२७पासून मैदान १०० यार्डांचं, एंड झोन १५ यार्डांचे आणि गोलपोस्ट मागच्या रेषेवर. त्यामुळे फील्ड गोलचं अंतर जुन्या वहीशी ताडून पाहू नका. त्याच जागेवरून मारलेली किक तेव्हापासून १५ यार्डांनी लांब पडेल, आणि तिसऱ्या डाउनला लाथ मारायची की एक यार्डासाठी घुसायचं, हा हिशेब प्रत्येक प्रशिक्षकाला नव्याने मांडावा लागेल.